अवकाशप्रवासाची नवी लाट आणि वस्तूंचे बदलते रूप

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने सोडलेला स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह दिसायला अगदी साधा होता. ५८ सेंटिमीटर व्यासाचा धातूचा गोळा, त्याला एका बाजूला झुकलेल्या चार लांब अँटेना आणि एकूण वजन सुमारे ८४ किलोग्रॅम. त्याचा पृष्ठभाग घासूनपुसून चकचकीत केला होता, कारण सूर्याची उष्णता परावर्तित झाली नसती तर आतली यंत्रणा तापली असती. पुढच्या काही वर्षांत अमेरिका आणि युरोपातल्या दिवाणखान्यांत मधल्या गोळ्यातून सर्व दिशांना दांड्या फुटलेली झुंबरे मोठ्या हौसेने टांगली जाऊ लागली. त्या झुंबरांचा सूर्याच्या उष्णतेशी काही संबंध नव्हता. एवढेच नव्हे, तर इटलीच्या जिनो सारफाती यांनी या धर्तीचा दिवा १९३९ मध्येच घडवला होता. म्हणजे आकार आधीपासून होता, पण उपग्रहाने त्याला नवा अर्थ दिला आणि लोकांना तो आपल्या घरात हवासा वाटू लागला.

आज अवकाशाविषयीची तशीच ओढ पुन्हा दिसते. २०२० मध्ये एका खासगी कंपनीच्या यानातून अंतराळवीर प्रथमच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, २०२३ मध्ये भारताचे चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि नासाने आर्टेमिस या मोहिमांच्या मालिकेतून माणसाला पुन्हा चंद्रावर नेण्याचे काम हाती घेतले. या घडामोडींचे पडसाद कपड्यांत, घड्याळांत, खुर्च्यांत, मोटारींच्या डॅशबोर्डवर आणि घरांच्या रचनेतही उमटत आहेत. ते कसे उमटतात हे समजून घ्यायचे असेल, तर तीन वाटा वेगवेगळ्या करून पाहाव्या लागतात. पहिली वाट दृश्याची आहे: यान, अंतराळवीराचा पोशाख किंवा चंद्राचे छायाचित्र पाहून डिझायनर त्याचे रूप उचलतो. दुसरी वाट पदार्थांची आहे: अवकाशासाठी तयार केलेले कापड, फोम किंवा लेप पृथ्वीवरच्या वस्तूंत येतात. तिसरी वाट अडचणींची आहे: अत्यंत कमी जागा, मर्यादित पाणी, बंदिस्त हवा आणि भार नसलेले शरीर अशा परिस्थितीत माणसाला नीट जगता यावे म्हणून शोधलेली उत्तरे इतरत्रही उपयोगी पडतात. पहिल्या वाटेची चर्चा सर्वांत जास्त होते, कारण ती डोळ्यांना दिसते. माझ्या मते टिकाऊ बदल मात्र तिसऱ्या वाटेने येतात, आणि आजची लाट आधीच्या लाटेपेक्षा वेगळी ठरते तीही याच वाटेमुळे.

चंदेरी रंग आणि गोल कोपरे

१९६० च्या दशकातली पहिली लाट प्रामुख्याने दृश्याची होती. मोटारींनी तर तिच्याही आधी सुरुवात केली होती. १९५९ च्या कॅडिलॅक गाडीचे मागचे उंच, माशाच्या परांसारखे पंख आणि त्यांत बसवलेले अग्निबाणाच्या ज्वाळांसारखे लाल दिवे गाडीच्या वेगात काडीचीही भर घालत नव्हते, पण ती गाडी भविष्यातून आल्याचा भास नक्की निर्माण करत होते. दक्षिण कॅलिफोर्नियातली उपाहारगृहे आणि पेट्रोल पंप तिरकी उडती छपरे मिरवू लागले, आणि १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सिअ‍ॅटल शहरात स्पेस नीडल नावाचा मनोरा उभा राहिला, ज्याच्या माथ्यावर उडत्या तबकडीसारखी वर्तुळाकार इमारत आहे.

पॅरिसमध्ये आंद्रे कुरेज यांनी १९६४ मध्ये पांढऱ्या आणि चंदेरी रंगांचे, सरळ रेषांचे, सपाट बुटांसह घालायचे कपडे सादर केले. कुरेज मुळात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले होते आणि त्यांच्या कपड्यांची बांधणी पाहिल्यावर ते लक्षात येते. पाको राबान यांनी १९६६ मध्ये सुई-दोरा बाजूला ठेवून प्लास्टिकच्या आणि धातूच्या चकत्या कड्यांनी जोडून पोशाख केले. पिएर कार्दँ यांना अवकाशाचे इतके वेड होते की १९६९ मध्ये त्यांनी नासामध्ये जाऊन अपोलो मोहिमेचा पोशाख स्वतःच्या अंगावर चढवून पाहिला.

पांढरा आणि चंदेरी हेच रंग भविष्याचे रंग कसे ठरले, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. अवकाशात हवा नसल्यामुळे उष्णता वाऱ्याने वाहून जात नाही. ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात येते आणि प्रारणानेच जाते. उन्हातली बाजू भयंकर तापते, सावलीतली बाजू गोठते. त्यामुळे यानाचा आणि पोशाखाचा बाहेरचा थर सूर्यप्रकाश परतवणारा, म्हणजे पांढरा किंवा धातूसारखा चकचकीत ठेवावा लागतो. पॅरिसच्या रस्त्यावर हे बंधन कुणावरही नव्हते. तिथे तो रंग स्वच्छ, तरुण आणि यंत्रयुगाशी नाते सांगणारा वाटला म्हणून स्वीकारला गेला. बंधनातून जन्मलेले रूप बंधनापासून सुटे झाले की त्याची फॅशन होते, असे थोडक्यात म्हणता येईल.

गोल आकारांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. यानाच्या आत हवेचा दाब असतो, बाहेर जवळजवळ शून्य असतो. आतली हवा भिंतींवर सर्व बाजूंनी सारखी रेटा देते आणि काटकोनी कोपरा असेल तर तिथे ताण एकवटून तडा जाण्याचा धोका निर्माण होतो, म्हणून यानाची केबिन गोल किंवा दंडगोलाकार असते आणि तिच्या खिडक्यांचे कोपरेही वळणदार असतात. त्याच काळात फिनलंडच्या एरो आर्निओ यांनी १९६३ मध्ये बॉल चेअर ही फायबरग्लासची पोकळ गोलाकार खुर्ची रेखाटली आणि डेन्मार्कच्या व्हेर्नर पँटन यांची एकसंध प्लास्टिकची खुर्ची १९६७ मध्ये बाजारात आली. या खुर्च्यांना अवकाशयुगीन म्हटले जाते आणि त्या तशा दिसतातही. त्यांच्या गोलाईचे तांत्रिक कारण मात्र साच्यात होते: फायबरग्लास किंवा प्लास्टिकची वस्तू साच्यातून न मोडता सुटावी यासाठी वळणदार कडा सोयीच्या पडतात, आणि वक्र पृष्ठभाग पातळ असूनही मजबूत राहतो. दोन वेगळ्या कारणांनी आलेली गोलाई एकाच काळात लोकांच्या डोळ्यांपुढे आली आणि एकमेकींत मिसळून गेली.

ही लाट ओसरण्याचे एक ठोस कारणही प्लास्टिकमध्येच आहे. फिनलंडचे वास्तुकार मॅटी सुरोनेन यांनी १९६८ मध्ये फुटुरो नावाचे तबकडीच्या आकाराचे, वाहून नेता येणारे प्लास्टिकचे घर तयार केले होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्लास्टिक महागले आणि अशा घरांचे गणित कोलमडले. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो-१७ ही चंद्रावरची शेवटची समानव मोहीम परतली होती. स्वप्न आणि कच्चा माल, दोन्ही एकाच सुमारास हातचे गेले.

शिवणयंत्रावर घडलेला पोशाख

अवकाश आणि डिझाइन यांच्या नात्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग अपोलोच्या पोशाखाचा आहे. चंद्रावर चाललेल्या माणसांचे पोशाख एखाद्या लष्करी विमान कंपनीने बनवले असतील असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशन या कंपनीने शिवले, जिची प्लेटेक्स या नावाची स्त्रियांची अंतर्वस्त्रे घरोघरी माहीत होती. रबर आणि कापड यांचा मेळ घालून शरीराला घट्ट बसणारी, तरीही हालचाल रोखत नसलेली वस्त्रे कशी बनवायची, हे त्या कंपनीला चांगले ठाऊक होते, आणि अंतराळवीराला नेमके तेच हवे होते.

पोशाखाची अडचण समजून घेण्यासारखी आहे. निर्वात पोकळीत शरीर जिवंत राहावे म्हणून पोशाखात ऑक्सिजन भरून दाब ठेवावा लागतो. अपोलोच्या पोशाखात तो पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या साधारण एक चतुर्थांश होता. एवढा दाबही पोशाखाला फुगवलेल्या फुग्यासारखा ताठ करायला पुरेसा असतो. लांबट फुगा मधोमध वाकवून पाहिला तर तो पुन्हा सरळ होऊ पाहतो. तसाच त्या पोशाखाचा कोपर किंवा गुडघा वाकवताना प्रत्येक वेळी दाबाशी झगडावे लागते. यावर उपाय म्हणून सांध्यांच्या जागी रबराच्या चुण्यांचे, भात्यासारखे भाग बसवले गेले. वाकताना एका बाजूच्या चुण्या मिटतात, दुसऱ्या बाजूच्या उघडतात, आतले आकारमान फारसे बदलत नाही आणि म्हणून कमी जोर लागतो.

हे एकवीस थरांचे पोशाख शिवणाऱ्या स्त्रिया कुशल शिंपिणी होत्या. टाका किंचितही चुकून चालणार नव्हता. काही ठिकाणी एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाइतकीच सूट होती. कापड जुळवताना टाचण्या लावायचीही मोकळीक नव्हती, कारण विसरलेली एखादी टाचणी हवा धरून ठेवणाऱ्या थराला भोक पाडू शकली असती, आणि म्हणून तयार भाग क्ष-किरणांनी तपासले जात. चंद्रावरच्या पहिल्या पावलाची आठवण काढताना अग्निबाणाच्या अभियंत्यांइतकाच मान या शिंपिणींना मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आजच्या लाटेत हाच धागा पुन्हा पकडला गेला आहे. आर्टेमिस मोहिमेसाठी अ‍ॅक्सिअम स्पेस ही कंपनी चंद्रावर घालायचा नवा पोशाख तयार करत आहे आणि त्यात इटलीची प्राडा ही फॅशन कंपनी सहभागी झाली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिलान येथे या पोशाखाचे रूप जगापुढे आले. बाहेरच्या थराचे कापड निवडणे, ते शिवण्याच्या पद्धती ठरवणे आणि कामगिरी व दिसणे यांचा मेळ बसवणे, हे प्राडाच्या तज्ज्ञांचे काम. त्याआधी मार्च २०२३ मध्ये हाच पोशाख गडद रंगाच्या आवरणात दाखवला होता, जे दूरचित्रवाणी मालिकांसाठी वेशभूषा करणाऱ्या एस्थर मार्क्विस यांनी केले होते. आतले तंत्रज्ञान झाकणे हा त्याचा हेतू होता. चंद्रावर जाणारा पोशाख मात्र पांढराच असणार, कारण तिथले ऊन कुणाची आवडनिवड विचारत नाही.

पोशाखावरच्या लाल पट्ट्यांनाही इतिहास आहे. अपोलोच्या पहिल्या चांद्रमोहिमांच्या छायाचित्रांत कोण कोणता अंतराळवीर आहे हे ओळखू येत नव्हते, कारण दोघांचेही पोशाख सारखे पांढरे आणि चेहरे सोनेरी काचेआड होते. अपोलो-१३ पासून कमांडरच्या पोशाखावर लाल पट्टे आले. गरजेपोटी आलेले ते पट्टे आज अवकाशाची सहज ओळखू येणारी खूण झाले आहेत आणि नव्या पोशाखावरही लाल रेघा दिसतात.

मापांचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी मिळून अंतराळ स्थानकाबाहेर काम करण्याची योजना बदलावी लागली, कारण दोघींना हवा तो मध्यम मापाचा धडाचा भाग त्या वेळी एकच तयार होता. ती ऐतिहासिक फेरी अखेर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कोच आणि जेसिका मेअर यांनी पूर्ण केली. जुने पोशाख मुख्यतः पुरुषांच्या शरीराचा विचार करून आखलेले होते, हे त्या घटनेने सर्वांना दिसले. नवा पोशाख स्त्री-पुरुष दोघांच्या शरीरमापांची फार मोठी कक्षा सामावून घेईल अशा रीतीने आखला जात आहे. एकाच वस्तूने निरनिराळ्या शरीरांना सामावून घ्यावे हा आग्रह आज कार्यालयीन खुर्चीपासून सायकलच्या हेल्मेटपर्यंत सगळीकडे धरला जातो, आणि अवकाशात तो जिवाशी जोडलेला असल्याने त्याला टाळाटाळ चालत नाही.

स्पेसएक्स कंपनीचा पोशाख मात्र उलट्या क्रमाने तयार झाला. आधी चित्रपटांसाठी वेशभूषा करणाऱ्या होसे फर्नांडिस यांच्याकडून त्याचे रूप ठरवून घेतले गेले आणि मग अभियंत्यांनी ते काम करणारे कसे होईल हे पाहिले. हा पोशाख यानाच्या आत, केबिनमधला दाब गेला तर जीव वाचवण्यासाठी आहे. त्यामुळे तो सडपातळ असू शकतो. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले तेव्हा त्यांच्या अंगावर हाच पोशाख होता.

पदार्थ: समज आणि वस्तुस्थिती

अवकाश संशोधनाने आपल्याला वेल्क्रो आणि टेफ्लॉन दिले, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत लागला आणि वेल्क्रो ही स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांची कल्पना १९५० च्या दशकात पेटंट झाली. अवकाश मोहिमांनी हे पदार्थ वापरले आणि त्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मात्र खरे. उशा-गाद्यांतला मेमरी फोम नासाच्या एम्स केंद्रासाठी १९६६ मध्ये विकसित झाला, तेव्हा विमानातल्या आसनांवर बसणाऱ्यांना धक्क्यापासून वाचवणे हा उद्देश होता.

या सगळ्यात एका कापडाची कहाणी थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१ च्या केबिनमध्ये जमिनीवरच्या चाचणीदरम्यान आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर पोशाखाचा बाहेरचा थर न जळणारा हवा, म्हणून काचतंतूंच्या कापडाला टेफ्लॉनचा लेप देऊन बीटा कापड वापरात आणले गेले. काचतंतू आणि टेफ्लॉन यांच्या याच जोडीतून पुढे इमारतींच्या छतांसाठी जाड, मजबूत आणि दिवसाचा उजेड आत झिरपू देणारे कापड तयार झाले. सौदी अरेबियातल्या जेद्दा विमानतळावरचे हज टर्मिनल १९८१ मध्ये अशाच कापडी तंबूंच्या छताखाली उभे राहिले. ढाक्यात वाढलेले आणि शिकागोत काम करणारे अभियंते फझलूर खान यांचा त्यात मोठा वाटा होता. वाळवंटातल्या उन्हात लाखो यात्रेकरूंना सावली देणारे ते छत अग्निबाणासारखे अजिबात दिसत नाही. दृश्याच्या वाटेने न आलेला प्रभाव किती खोलवर जातो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

बंद डब्यात घर करायचे कसे

अमेरिकेचे पहिले अंतराळ स्थानक स्कायलॅब मे १९७३ मध्ये सोडले गेले. त्याच्या आतल्या रचनेसाठी नासाने रेमंड लोवी या औद्योगिक डिझायनरचा सल्ला घेतला होता. त्यांचा आग्रह तीन गोष्टींवर होता: सर्वांनी एकत्र बसून जेवण्याची जागा हवी, प्रत्येकाला थोडा एकांत हवा आणि पृथ्वी पाहता येईल अशी खिडकी हवी. खिडकी म्हणजे भिंतीतला कमकुवत भाग, त्यामुळे अभियंत्यांना ती नकोच असते. अखेर ती बसवली गेली आणि फावल्या वेळात अंतराळवीर तिच्यापासून हलेनासे झाले. आज आंतरराष्ट्रीय स्थानकाला २०१० मध्ये जोडलेली क्युपोला नावाची सात खिडक्यांची खोली आहे, आणि आता खिडकीच्या गरजेवर कुणी वाद घालत नाही. स्कायलॅबमधले जेवणाचे टेबलही त्रिकोणी होते, म्हणजे तिघांपैकी कुणीच प्रमुखाच्या जागी बसत नव्हता.

सोव्हिएत संघात हेच काम गालिना बालाशोवा या वास्तुकार स्त्रीने अनेक वर्षे केले. सोयूझ यान आणि मीर स्थानक यांची अंतर्गत रचना त्यांच्या हातची. भार नसलेल्या अवस्थेत वर-खाली असे काही उरत नाही आणि माणूस गोंधळतो, म्हणून त्यांनी खालची बाजू गडद आणि वरची फिकट रंगवून डोळ्यांना दिशा दिली. त्यांनी रंगवलेली निसर्गदृश्यांची जलरंगातली छोटी चित्रे सोयूझच्या कक्षात लावली जात आणि परतीच्या वेळी तो रिकामा कक्ष यानापासून सुटा होऊन वातावरणात जळताना तीही जळून जात. रंगाने छोट्या खोलीला उंची आणि दिशा देण्याचे हे तंत्र मुंबईतल्या चिंचोळ्या घरांनाही लागू पडते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

स्कायलॅबमधूनच आणखी एक निरीक्षण हाती आले. भार नसताना शरीर पूर्ण सैल सोडले की ते आपोआप एका ठरावीक स्थितीत येते: गुडघे थोडे वाकलेले, हात पुढे तरंगणारे आणि धड व मांड्या यांच्यामध्ये सुमारे १२८ अंशांचा कोन. स्नायूंवर सर्वांत कमी ताण असलेली ही स्थिती मोटारींच्या आसनांच्या डिझाइनमध्ये वापरली गेली. निस्सान कंपनीने २०१३ च्या आपल्या एका गाडीत तिच्या आधारे आसने दिली. शून्य गुरुत्वाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या आरामखुर्च्यांचे मूळही तिथेच आहे, मात्र त्यांत बसून गुरुत्व नाहीसे होत नाही. पाठीवरचा भार फक्त नीट वाटला जातो.

यानाच्या आतले रूपही आता बदलते आहे. जुन्या केबिनमध्ये शेकडो बटणे आणि तारा दिसत. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानात तीन मोठे टचस्क्रीन आहेत आणि भिंती कोऱ्या, पांढऱ्या आहेत. यान बरेचसे स्वयंचलित असल्यामुळे हे शक्य झाले. मोटारींच्या डॅशबोर्डवरही हीच कोरी शैली आली आहे आणि इथे मला इशारा द्यावासा वाटतो. ड्रॅगनमध्येही अत्यंत निकडीच्या कामांसाठी पडद्यांखाली खरी बटणे ठेवली आहेत, पण अनेक गाड्यांनी कोरेपणा उचलला आणि ती बटणे विसरली. गाडी चालवताना नजर रस्त्यावरून हटते म्हणून युरोपातल्या वाहन-सुरक्षा मूल्यांकनात २०२६ पासून हॉर्न, वायपर, दिशादर्शक दिवे यांसाठी प्रत्यक्ष हाताला लागणारी बटणे नसतील तर गुण कापले जाणार आहेत.

दुसरा बदल ऊब आणण्याचा आहे. अ‍ॅक्सिअमच्या नियोजित स्थानकासाठी फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांनी २०१८ मध्ये मऊ अस्तराच्या, लहान दिव्यांनी भरलेल्या भिंतींची कल्पना मांडली. व्हास्ट या कंपनीच्या हेवन-१ स्थानकाच्या रचनेत, जी २०२४ मध्ये दाखवली गेली, मेपल लाकडाच्या पट्ट्या आहेत. धातू आणि पांढरे प्लास्टिक हेच अवकाशाचे रूप, हा साठ वर्षांचा समज इथे मोडतो. जपानच्या क्योटो विद्यापीठाने सुमितोमो फॉरेस्ट्री या कंपनीसह बनवलेला लिग्नोसॅट हा लाकडी उपग्रहही नोव्हेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला. दहा सेंटिमीटर बाजूचा हा ठोकळा मॅग्नोलियाच्या लाकडाचा असून तो स्क्रू किंवा डिंक न वापरता पारंपरिक जपानी सुतारकामाच्या सांध्यांनी जोडला आहे. धातूचे उपग्रह वातावरणात जळताना अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कण मागे ठेवतात. लाकूड ते ठेवणार नाही, हा त्यामागचा विचार आहे.

आठवण आणि अभिमान

दृश्याची वाट आजही चालूच आहे, पण तिच्यात आता आठवणींचा मोठा भाग आहे. नासाचे लाल, वळणदार अक्षरांचे बोधचिन्ह रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी १९७५ मध्ये केले, १९९२ मध्ये ते काढून टाकण्यात आले आणि २०२० मध्ये अंतराळवीरांना नेणाऱ्या अग्निबाणावर ते परतले. आज नासाची चिन्हे असलेले टी-शर्ट जगभर दिसतात. त्याचे एक व्यावहारिक कारण असे की नासा त्यासाठी शुल्क घेत नाही, फक्त डिझाइनला मान्यता घ्यावी लागते. ओमेगाच्या ज्या घड्याळाला नासाने १९६५ मध्ये मान्यता दिली, त्याची स्वॉचसोबत केलेली स्वस्त आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली तेव्हा दुकानांबाहेर रांगा लागल्या.

महाराष्ट्रात या दृश्यप्रभावाचे सर्वांत जिवंत रूप २०२३ च्या गणेशोत्सवात दिसले. चंद्रयान-३ चे विक्रम लँडर २३ ऑगस्टला उतरले आणि १९ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. अवघ्या चार आठवड्यांत मंडळांच्या देखाव्यांपासून घरच्या मखरांपर्यंत चांद्रभूमी, लँडर आणि रोव्हर अवतरले. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी असल्याने पुठ्ठा, कागद आणि कापड यांतून ते उभे करावे लागले. जवळजवळ प्रत्येक लँडरला सोनेरी कागद लावलेला असे. मूळ लँडरवरचे ते आवरण सोन्याचे नव्हे. पिवळसर पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या पातळ पडद्याला मागून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असल्यामुळे ते सोनेरी दिसते आणि त्याचे अनेक थर उष्णता रोखतात. देखावा करणाऱ्यांनी सोनेरी रंग निवडला तो अभिमानापोटी, आणि तो अगदी योग्य जागी पडला होता.

यापुढचा प्रभाव कुठून येईल याचा अंदाज आजच्या अडचणी पाहून बांधता येतो. मंगळावरच्या मुक्कामाची तालीम म्हणून ह्यूस्टनमध्ये चार जणांनी जून २०२३ ते जुलै २०२४ या काळात सुमारे १,७०० चौरस फुटांच्या, त्रिमितीय छपाईने बांधलेल्या मंगळसदृश घरात वर्षाहून अधिक काळ काढला. तिथे एकसुरीपणा टाळण्यासाठी निरनिराळ्या खोल्यांच्या छतांची उंची मुद्दाम वेगवेगळी ठेवली होती. अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये वापरलेल्या पाण्यापैकी ९८ टक्के पाणी परत मिळवता येऊ लागले. चंद्रावरची धूळ हा तर वेगळाच शत्रू आहे. तिथे वारा-पाऊस नसल्याने धुळीचे कण झिजत नाहीत, धारदारच राहतात, आणि विद्युतभारामुळे प्रत्येक गोष्टीला चिकटतात. अपोलो-१७ च्या अंतराळवीरांचे पोशाख तीन दिवसांत तिने खराब केले होते. त्यावर नासाने पातळ विद्युतवाहक तारांमधून बदलते विद्युतक्षेत्र पाठवून धूळ झटकून टाकणारी ढाल तयार केली आणि मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट या खासगी लँडरवर ती चंद्रावर यशस्वीपणे वापरून पाहिली. कोरड्या प्रदेशांतल्या सौरऊर्जा प्रकल्पांत पॅनेलवरची धूळ काढण्यासाठी आज मौल्यवान पाणी खर्च होते. पाण्याशिवाय धूळ झटकणारा पृष्ठभाग परवडण्याजोगा झाला, तर त्याची पहिली गरज तिथेच आहे.